टायरांची पत्रिका बघणारी आत्या

आमची आत्या माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या गाडीच्या टायरांकडे बघायची. मला बघायला लखनौहून एक स्थळ आलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, पत्रिका जुळलेली, आणि जुळवणारे खुद्द माझे बाबा, म्हणजे काशीतल्या मराठी घरांचे हक्काचे ज्योतिषी. पोहे झाले, चहा झाला. मंगलागौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत सायकल आणायची तरी जीव मेटाकुटीला येतो, मोटार कुठली यायला? म्हणून पाहुण्यांना त्यांच्या गाडीपर्यंत पोचवायला आत्या मैदागिनच्या चौकापर्यंत चालत गेली. परत येऊन चपला काढता काढता म्हणाली, "पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत आहेत आणि समोर काचेपाशी चांदीचा गणपती. देवाच्या भरवशावर गाडी हाकणारा माणूस आहे, दादा. आपली मुलगी त्यात बसवू नकोस." बाबा पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ते लग्न काही झालं नाही, आणि त्याबद्दल मी आजही आत्याचे उपकार मानते.

आत्याचं नाव विमल. तिशीत ती सासर सोडून परत आली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. बाबांनी तिला देवघराशेजारची खोली दिली आणि वाती वळायचं काम दिलं. दोन वर्षं तिनं वाती वळल्या. मग महाराष्ट्रातून विधींसाठी येणाऱ्या यजमानांचा स्वयंपाक करायला लागली. भाजी स्वस्त मिळते म्हणून ती पलीकडे रामनगरच्या बाजूला नदीच्या रेतीवर जायची. गंगा आटली की तिथे खरबूज, ककडी, परवर पिकतं. एका उन्हाळ्यात तिनं तिथे खरबुजांचे ढीग सडताना पाहिले, कारण कुठलाच गाडीवाला रेतीत यायला तयार नव्हता. महिन्याभरात तिनं हातातल्या पाटल्या मोडून एक जुनी पिकअप घेतली आणि घरात रणकंदन माजलं. काका तावातावानं म्हणाले, "भटाच्या घरची बाई ट्रक चालवणार?" आत्या म्हणाली, "ट्रक नाही, पिकअप. आणि या घरातले सगळे पुरुष जन्मभर यजमानांच्या गाडीतून फिरले. एका बाईनं स्वतःच्या गाडीतून फिरलं तर कुणाचं काय बिघडतं?"

गाडी चालवायला ती रेतीवरच शिकली. म्हणायची, "तिथे धडकायला काही नाही, नुसतं फसायला आहे." गाडी रामनगरला लल्लन पंक्चरवाल्याच्या अंगणात उभी असे. रोज पहाटे आत्या टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, पकडून पुलावरून तिकडे जायची, रेतीवरून माल भरून बाजारात टाकायची आणि दहाला घरी येऊन यजमानांचा वरणभात लावायची. तिकडे तिला सगळे बुआजी म्हणत. घरात तिची गाडी कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती. ती लांब आहे, डोळ्यांसमोर नाही, तोवर घरच्यांनी ती चालवून घेतली, असं मला आता वाटतं.

पहिले टायर झिजले तेव्हा मात्र बाबांनी अचानक मन मोठं केलं. त्यांच्या एका यजमानाचं टायरचं दुकान होतं. बाबा स्वतः तिथे गेले, चांगला मुहूर्त काढला आणि चार टायर घेऊन आले. दिसायला काय सुरेख होते. काळेभोर, चकचकीत, बोट बुडेल इतक्या खोल खाचांचे. बाबांनी त्यांवर कुंकवाची स्वस्तिकं काढली, नारळ फोडला. आत्याचे डोळे भरून आले होते. तिच्या त्या गाडीसाठी घरातून आलेली ती पहिली गोष्ट होती.

तीन आठवड्यांनी भरली गाडी रेतीत रुतली. चाकं फिरली तशी अधिकच खाली गेली, आणि मागच्या एका टायरला बाजूनं हातभर चीर पडली. ट्रॅक्टर बोलवून गाडी ओढून काढावी लागली, अर्धी खरबुजं फुटली. ही बातमी आमच्या घरी गाडीच्या आधी पोचली. संध्याकाळी काका, दोन मावसकाका, सगळे जमले. बाईच्या हाती गाडी दिली की असंच होणार, असा एकूण सूर होता. शेवटी आत्या उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ठीक आहे. पुन्हा एकदा जरी फसली, तरी विकून टाकीन. वाती वळीन. पण फसेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर रामनगरला गेले. लल्लन तो फाटलेला टायर उलटसुलट करून बघत होता. टायरच्या एका बाजूवर बारीक अक्षरांत कोरलेले चार आकडे त्यानं आम्हाला दाखवले. पहिले दोन कुठल्या आठवड्यात टायर बनला त्याचे, पुढचे दोन वर्षाचे. "ई नया ना हौ, बुआजी," तो म्हणाला. "छह साल क हौ. दुकाने में बइठल-बइठल सूख गयल. ऊपर से पालिस मरले हउवन." म्हणजे सहा वर्षं दुकानात पडून वाळलेल्या टायरला वरून पॉलिश मारलं होतं, आणि कुणाचीही पत्रिका तीनतीनदा पडताळून बघणाऱ्या माझ्या बाबांनी टायरची जन्मतारीख तेवढी बघितली नव्हती. मला तर पेढे वाटावेसे वाटले. म्हटलं, चल आत्या, आत्ताच्या आत्ता घरी जाऊन सगळ्यांना दाखवू.

आत्यानं माझा हात घट्ट धरला. "एक शब्द बोलायचा नाही. मुहूर्त त्यानं मायेनं काढला होता." मी म्हटलं, "अगं, पण तुझ्यावर सगळं आलंय." ती म्हणाली, "येऊ दे. मला सवय आहे. त्याला नाही." कुणापुढे न नमणारी ही बाई, तिनं त्या दिवशी आपण होऊन मान खाली घातली याचा मला भयंकर राग आला होता. तो राग जायला बरीच वर्षं लागली.

मग आम्ही तिघं नवे टायर घ्यायला गेलो. दुकानदार माझ्याकडे आणि आत्याकडे बघेना; त्यानं लल्लनलाच विचारलं, "गाड़ी कौन चलाता है?" आत्या म्हणाली, "हम चलाते हैं. इधर देखकर बात कीजिए." त्यानं तसलेच खोल खाचांचे टायर पुढे केले. "ये लीजिए माताजी, एकदम जंगली टायर. बालू, कीचड़, सब चीर देगा."

"बालू को चीरना नहीं है भैया, उसके ऊपर चलना है. चीरेगा तो धँसेगा," आत्या म्हणाली.

पुढचा तासभर तिनं त्याला घाम फोडला. तिचा हिशेब साधा होता. गाडी बारा आणे डांबरावर चालते आणि चार आणे रेतीत, तर टायरही दोन्हीकडे चालणारा हवा, ज्याला तो दुकानदार ऑल-टेरेन म्हणत होता आणि आत्या पुढे जन्मभर 'सब-रस्त्याचा' म्हणत राहिली. मापापेक्षा रुंद टायर दिसतो छान, पण वळताना पत्र्याला घासतो, तो नको. माणसांच्या मोटारीचा टायर स्वस्त पडतो, पण भरल्या खरबुजांखाली टिकत नाही, तोही नको. जुन्यावर रबर चढवलेला टायर पुढच्या चाकाला फुकट दिला तरी नको. नावाजलेल्या कंपनीचे चार टायर आमच्या ऐपतीत नव्हते. तेव्हा तिनं मधल्या कंपनीचे दोन सब-रस्त्याचे टायर मागच्या चाकांना घेतले, कारण गाडी ढकलायचं काम मागची चाकं करतात, आणि पुढे दोन साधे, डांबरी रस्त्याचे. दुकानदार म्हणाला, "एक पाँव में जूता, एक में चप्पल?" आत्या म्हणाली, "चलना हमको है, आपको नहीं." आणि प्रत्येक टायरपाशी उकिडवं बसून तिनं चार आकडे वाचले. दोन टायर परत आत पाठवले, दुसरे मागवले.

पहिल्या फेरीला तिनं बाबांना मुद्दाम बोलावलं. बाबा छत्री घेऊन रेतीच्या काठावर उभे राहिले. आत्यानं खाली उतरून चारही चाकांची हवा थोडी थोडी काढली आणि टायर जमिनीवर जरा पसरले. मग ती संथपणे आत गेली, वाटेत कुठेही न थांबता, आणि माल भरून तशीच परत आली. बाबांनी एवढंच विचारलं, "हवा का काढली?" ती म्हणाली, "पाय पसरून चाललं की बालू धरून ठेवते." लल्लनकडे पुन्हा हवा भरून तिनं गाडीचं दार उघडलं, पण बाबा टोटोनं घरी गेले. गाडी त्या दिवशी रुतली नाही, त्यानंतरही कधी रुतली नाही. काकांचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं होतं.

बाबांच्या त्या चार टायरांपैकी एक आत्यानं घरी आणला आणि गच्चीवर आडवा ठेवून, माती भरून त्यात तुळस लावली. टायरात तुळस म्हणून बाबा कुरकुरले, पण रोज पाणी तेच घालायचे. आत्याला आता सगळ्यांच्या टायरांचं वय वाचायचा नादच लागला होता. बाबांना ती चिडवायची, "तू माणसांच्या पत्रिका बघ, मी टायरांच्या बघते. माझ्या खोट्या ठरत नाहीत." एकदा बाबांनी अगदी सहज विचारलं, "मी आणलेल्या टायरांची पत्रिका काय म्हणत होती गं?" आत्या भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "चांगली होती. माझाच हात चुकला."

गेल्या माघात आत्या गेली. चार दिवसांचा ताप. हॉस्पिटलात मला म्हणाली, "मागचे दोन संपत आलेत. खरबूज सुरू व्हायच्या आत बदल." तिनं 'बदल' म्हटलं, 'विक' म्हटलं नाही, आणि मी ते तसंच धरून बसले. माझी शाळा दुपारची. गाडी आत्यानंच मला शिकवली होती, सकाळची फेरी मला जमत होती. पण तेराव्याला काकांनी गाडीला गिऱ्हाईक आणलं. "मास्तरीण बाई आहेस तू, हे काय," वगैरे सगळं पुन्हा सुरू झालं. मी 'नाही' म्हणत राहिले. बाबा उठून देवघरात जाऊन बसले.

त्याच महिन्यात गच्चीचं काम निघालं. मजुरांनी तुळस हलवली, टायर उपडा करून कडेला ठेवला. संध्याकाळी मी वर गेले तर बाबा चष्मा लावून त्याच्यापाशी बसलेले. आकडे एकाच बाजूला असतात आणि आत्यानं ती बाजू इतकी वर्षं जमिनीकडे ठेवली होती. काम झाल्यावर तुळस त्यांनी स्वतःच परत लावली, आकडे वर ठेवून.

रविवारी मी टायर घ्यायला रामनगरला गेले, तर दुकानाच्या पायरीवर बाबा माझ्या आधी बसलेले. दुकानदारानं टायर बाहेर काढले. बाबा गुडघे टेकून खाली बसले, धोतराच्या सोग्यानं टायरची धूळ पुसली आणि आकडे वाचले. "ये नहीं. दूसरा निकालिए."

"पंडितजी, एकदम नया है."

"नया दिखता है. एक बार हमने दिखने पर ही लिया था," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "विमीनं मला एकदाही बोलून दाखवलं नाही गं." मी नुसती त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

ताजे टायर बसवून होईतो काकांचा फोन आला, गिऱ्हाईक थांबलंय म्हणून. फोन बाबांनी घेतला. "गाडी विकायची नाही," म्हणाले आणि ठेवून दिला. मग आयुष्यात पहिल्यांदा ते त्या पिकअपमध्ये चढले, माझ्या शेजारी बसले. रेतीच्या काठाला मी गाडी थांबवली. बाबा खाली उतरले, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "हवा काढायची ना? कशी काढतात, दाखव मला."