पॉलिश पेपर फाडायची फळी

माझ्या शेडमध्ये भिंतीला एक फळी टांगलेली आहे. वीतभर रुंद, हातभर लांब, कडेला लोखंड कापायच्या करवतीचं ब्लेड दोन स्क्रूंनी बसवलेलं. पॉलिश पेपर सरळ फाडायला केली. अर्ध्या तासाचं काम. ते करायला मला अकरा वर्षं लागली, आणि केल्यावर ती वापरायची सोय राहिली नाही.

फौजेतून सुटून आलो तेव्हा रहिमतपूरला घरामागं पत्र्याची शेड टाकली. देव्हारे, पाट, पोळपाट असली कामं. कापणं-जोडणं माझं, घासणं आणि पॉलिश बायकोचं. पॉलिश पेपरचं अख्खं पान घेतलं की ती ते दुमडायची, घडीवरनं अंगठा दाबून दोनदा ओढायची आणि मग फाडायची. निम्म्याचं परत निम्मं. त्या तुकड्याला ती चतकोर म्हणायची, भाकरीचा म्हणतात तसा. आवाज ठरलेला. आधी अंगठ्याचं खर्र, खर्र, मग जरा थांबून फर्रर. घरात जेवत असलो तरी मला कळायचं, हिनं नवीन कागद घेतला.

तिच्या भावाचं सांगलीला गॅरेज आहे. तिथं तिनं अशी फळी बघितली. आल्या आल्या म्हणाली, "आवं, एक तुटकं ब्लेड फळीवर बसवून द्या की. कागद खाली सरकवायचा आन् वर वडायचा, सरळ फाटतुया. माझा अंगठा लय हुळहुळतुया." मी म्हणालो, "तुझ्या माहेरची अक्कल तिकडंच ठिव." खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. पण फौजेत जन्मभर सुतारकाम केलेल्या माणसाला गॅरेजवाल्या मेहुण्यानं शिकवायचं, हे काही पचनी पडेना. ती अधूनमधून आठवण करायची. मी "करू की" म्हणायचो आणि दुसऱ्या कामाला लागायचो.

रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा उजेड पडला. तिचा अंगठा उमटेना. पुसून झाला, तेल लावून झालं, डावा लावून झाला. अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. तिनं घासलेल्या पोळपाटासारखा गुळगुळीत. ती हसत घरी आली, म्हणाली, "मशीन म्हणतंय, ही बाई हायच न्हाई." मीही हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते. तेव्हापासून रेशनला अंगठा माझा लागायला लागला, आणि फळी राहिली ती राहिलीच.

मग ती आजारी पडली. साताऱ्याच्या दवाखान्यात सहीसाठी तिला पेन धरवेना, म्हणून शाईचा पॅड आणला. कागदावर नुसता निळा डाग उठला. नर्स म्हणाली, "काका, जरा नीट दाबा त्यांचा अंगठा." मी माझ्या हातानं दाबला. परत डागच. चार दिवसांनी ती गेली.

तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि तो आवाज यायला लागला. दुपारचा, शेडमधून. खर्र, खर्र, थांबून फर्रर. पत्रा तापला की वाजतो हे मला कळतं, पत्रा मीच टाकलाय. पण पत्रा असा मधे थांबून वाजत नाही. मी उठून दारात जाऊन उभा राहतो. आत कोणी नसतं. "करतो गं," असं म्हणतो आणि परत येतो.

या उन्हाळ्यात एकदाचं करायला घेतलं. तिनं कोपऱ्यात रचून ठेवलेल्या जुन्या फळ्यांतली एक ओढली. जुनं ब्लेड, दोन स्क्रू, कागद सरकायला फट राहावी म्हणून ब्लेडखाली वायसरच्या दोन चकत्या, एवढंच लागतं. पण फळी हातात आली की आधी घासायची, ही माझी जुनी खोड. दोन हात मारले आणि थांबलो. फळीवर पॉलिशचा तपकिरी अंगठा उमटलेला होता. ओल्या हातानं फळी उचलली असणार, पहिल्या पहिल्या वर्षांत कधीतरी. मधून तिरकी रेघ, तिचा अंगठा एकदा विळीनं कापला होता त्याची. म्हणजे तिचाच. भोवती सगळ्या रेषा, मोजता याव्यात इतक्या स्वच्छ. वरचा निम्मा मी घासून टाकला होता.

मी तिथंच पाटावर बसून बराच वेळ रडलो. मशीनला सापडला नाही तो अंगठा इथं होता, आणि मला तो सापडला तोही हातानं पुसता पुसता.

तिची फळी याच फळीची व्हायची, असं मनानं घेतलं. ब्लेड बसवलं. निम्म्याची एक रेघ मारली, चतकोराची एक. नवीन कागद घेऊन ब्लेडखाली सरकवणार, तेवढ्यात ध्यानात आलं. कागदाची खरबरीत बाजू खाली जाते. दर कागदाला तो उरलेल्या अंगठ्यावरनं घासत जाणार. महिना-दोन महिन्यांत काही राहणार नाही. कागद अलगद उचलून बाजूला ठेवला आणि फळी खिळ्याला टांगली.

कागद उलटा घालता येईल. दुसरी फळी घेऊन दुसरं करता येईल. सगळं येतं मला. करत नाही. मी आता तिच्यासारखाच फाडतो, दुमडून, घडीवरनं अंगठा दाबून. खर्र, खर्र, जरा थांबून फर्रर. दारात जाऊन बघायची गरज राहिली नाही.

गेल्या महिन्यात रेशनवाल्यानं मशीन पुढं केलं. तीनदा अंगठा लावला. तो म्हणाला, "काका, पुसून लावा, उमटंना झालाय." मागची बाई म्हणाली, तेल लावून बघा. मी म्हणालो, "राहू दे. मी हायच न्हाई." रांगेतली माणसं हसली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.