आ करा, डाक्टर

"टीबीच आहे," डॉक्टर म्हणाले, "आणि हा पहिल्यांदा झालेला नाही." आप्पा वर पंख्याकडे बघत बसले होते. त्या बंद पंख्यात बघण्यासारखं काय होतं, देव जाणे.

आप्पा म्हणजे माझे सख्खे काका. वडील लवकर गेले, तेव्हापासून मी घोडेगावात त्यांच्याच घरी वाढले. सरकारी आरोग्यसेवक म्हणून त्यांनी आंबेगावचा सगळा डोंगरपट्टा पायी तुडवला. मुलांना डोस, हिवतापासाठी बोटातून रक्त आणि टीबीच्या रोग्यांना समोर बसवून गोळ्या. गोळी हातात देऊन ते कधी उठले नाहीत. रोग्याने गिळली की म्हणायचे, "आ कर. जीभ वर कर." लोक गोळी गालात दाबतात आणि पाठ वळली की थुंकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आहुप्याकडे सगळे त्यांना डाक्टरच म्हणत.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा याच माणसाने स्वतःचा खोकला लपवला. आता डॉक्टरांनी खोदून विचारलं, तेव्हा कुठे ते बाहेर आलं. पुण्याहून गुपचूप गोळ्या आणल्या, दोन महिने घेतल्या, खोकला थांबला तशा बंद केल्या. जे करू नका म्हणून ते जन्मभर लोकांच्या कानीकपाळी ओरडले, नेमकं तेच! मला रडू यायच्या आधी राग आला. दवाखान्याच्या व्हरांड्यातच मी आप्पांना विचारलं, "का?"

"कळलं असतं तर कुणी दार तरी उघडलं असतं का मला?" एवढंच म्हणाले.

स्पुटम टेस्ट, म्हणजे खाकरून काढलेल्या बेडक्याची तपासणी. त्यासाठी दोन दिवस खेटे घातले. डबी घेऊन आप्पा खिडकीशी गेले, तर आतले तपासनीस उठून उभे राहिले. आप्पा आपल्या कुठल्या तरी रोग्याचा नमुना घेऊन आलेत, असं त्यांना वाटलं. "माझाच आहे," आप्पा म्हणाले. तपासनीस तीन पावलं मागे सरले आणि मग ओशाळून पुन्हा पुढे आले.

कार्डावर डॉक्टरांनी शब्द लिहिला, डिफॉल्टर. म्हणजे उपचार अर्ध्यावर सोडणारा. हा शब्द आप्पांनी इतरांच्या कार्डांवर कितीदा लिहिला असेल. आता आठ महिन्यांचा कोर्स, आणि सुरुवातीचे दोन महिने स्ट्रेप्टोमायसिन नावाची इंजेक्शनं. त्याने कानात सतत घूं आवाज येई, चालताना तोल जाई. भिंतीला धरून मोरीपर्यंत जाणारे आप्पा मला बघवत नसत.

तिसऱ्या महिन्यात धुणं धुताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला लालभडक डाग दिसले. टीबीच्या एका कॅप्सूलचा रंग तसाच असतो. म्हणजे गोळ्या गालातून खिशात जात होत्या.

गोळ्या दवाखान्यात, सिस्टरांसमोर घ्यायच्या होत्या. मी जाब विचारला, तर सिस्टर रडवेल्या झाल्या. "मला हे काम आप्पांनीच शिकवलंय हो. त्यांना आ करा कसं म्हणू? मी मान वळवायचे." त्यांना बोलायला मला तोंड नव्हतं. रोज शेजारी बसून मीही दुसरीकडेच बघत होते.

आप्पांना विचारलं तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी लोकांच्या पडवीत बसून खोकलोय. किती घरांत दिला असेल हा रोग? मला बरं होऊन करायचंय काय?" डॉक्टरांनी मला वेगळं बसवून सांगितलं, आता पुन्हा खंड पडला तर जंतू या औषधांना दाद देणार नाहीत, मग आपल्या हातात काही उरणार नाही. त्या आठवड्यात मी आप्पांना समजावलं, ओरडले, जेवण सोडलं. ते मुकाट्याने हो म्हणत आणि गाल फुगलेला राही.

मग एक दिवस आहुप्याहून हौसाबाई आल्या, एस. टी.ने, पदरात नाचणी बांधून. काही वर्षांपूर्वी आप्पांनी त्यांना गोळ्या गिळायला लावून वाचवलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं आणि तिघं मिळून दवाखान्यात गेलो.

"हौसा, मी तुझ्या घरी खोकत चहा प्यायलोय," आप्पा म्हणाले.

"ठावं हाय. आमाला काय कान न्हाईत व्हय? आमी तवाच वळखलं व्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी लपवत व्हता, मंग आमी कसं बोलावं? तुमचा लई मान, म्हून सगळी गप ऱ्हायली. चुकलं आमचं. आता न्हाई गप बसायची." सिस्टरांच्या हातातल्या गोळ्या घेऊन त्यांनी आप्पांच्या तळहातावर ठेवल्या. आप्पांनी त्या गिळल्या. "आ करा, डाक्टर. जीब वर."

आप्पा ढसाढसा रडले, पण त्यांनी तोंड उघडलं. तोंड रिकामं होतं.

त्याच दुपारी ते ज्या ज्या घरात बसले होते, त्या घरांची नावं त्यांनी डॉक्टरांना सांगितली. तपासणीत दोघं सापडली. त्यातली एक हौसाबाईंची सून. हे आप्पांकडूनच झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येणार नाही," ते म्हणाले. तो प्रश्न आप्पांच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही, माझ्याही नाही. सून बरी झाली. हौसाबाईंनी मात्र त्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही, आणि त्यांचे उपकार मी कोणत्या तोंडाने बोलू?

तुमच्या घरात असा कुणी मानाचा माणूस खोकत असेल, तर मान राखून गप्प बसू नका. आम्ही सगळे बसलो होतो.

आठव्या महिन्यातली शेवटची गोळी आप्पांनी गिळली. कुणी काही म्हणायच्या आत माझ्याकडे वळून त्यांनी तोंड उघडलं आणि जीभ वर केली. मी मान वळवली नाही. दोन्ही गाल बोटाने बाजूला करून, खाली वाकून, नीट पाहिलं.