अ. पा. क.च्या पुढचं नाव

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी राहुरीला तहसील कचेरीत रांगेत उभी होते. माझ्या पुढं दोन माणसं होती आणि खिडकी जेवणासाठी बंद व्हायला थोडाच वेळ होता. सोनईहून आत्याचा थोरला, बबनदादा, एवढंच म्हणाला, "आई गेली. ये." मी रांग सोडली नाही. शिक्क्याची नक्कल हातात घेतली, पिशवीत घातली आणि मगच एसटी पकडली. पोचले तेव्हा माझ्यासाठी माती थांबवली होती. कुणीतरी बाई म्हणाली, शिकलेल्यांना माया नसते. दीड महिन्यानं तिला उत्तर देते. तो कागद आत्याचाच होता. रांग सोडून रडत आले असते, तर आत्यानंच मला माघारी पाठवलं असतं.

भामाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. शाळेची पायरी चढली नाही, अंगठा लावायची. आमच्या घरात पहिली बी.ए. मी, आणि ती मी तिच्यामुळं झाले. बारावीनंतर मला स्थळ आलं तेव्हा ती सोनईहून येऊन ओट्यावर बसली, पाणीसुद्धा घेईना. वडिलांना म्हणाली, "आदी तिचं कालिज, मंग तुझा जावई." वडील धिप्पाड माणूस, पण बहिणीच्या शब्दावर त्यांनी स्थळ परतवलं. अशा बाईला 'तुला काय कळतंय' म्हणायची छाती फार थोड्यांची होती. त्या थोड्यांत आमचे तात्या.

तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, भावकीतले वडीलधारे. देवळाली प्रवराच्या अलीकडं आमचं गाव. गेल्या वर्षी भावकीनं कुलदैवताचं देऊळ नव्यानं बांधलं आणि सभामंडपात काळ्या दगडावर वंशावळ कोरायची ठरवली. तात्यांनी जेवणावळीत यादी वाचून दाखवली : खंडूजी, त्यांचे पुत्र दगडू आणि रामजी, त्यांचे पुत्र... दगडू म्हणजे आत्याचे आणि माझ्या वडिलांचे वडील. आत्या बायकांच्या पंगतीत बसली होती. तिथूनच तिनं विचारलं, "ह्ये दोघं आभाळातून पडले व्हय?" सगळे हसले. ती हसली नाही. हातातला घास ताटात ठेवून तिनं सगळं सांगितलं. खंडूजी तरणेपणीच गेले, पोरं लहान होती. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आत्याच्या आजीनं, स्वतः नांगर धरला, जमीन गिळायला टपलेल्या भाऊबंदांशी भांडली, पण माहेरी गेली नाही. ती गेली असती तर आज ह्या पंगतीत कोण बसलं असतं? आजीचं नाव घाला, असं आत्याचं म्हणणं.

"घालू की," तात्या म्हणाले. "नाव काय म्हातारीचं?"

आत्याला नाव माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. आत्याचे वडील 'आई' म्हणायचे, गाव 'खंडूची बायको' म्हणायचं, आणि आजी आत्याच्या जन्माआधीच गेलेली. तात्या पानावरून उठता उठता म्हणाले, "शिक्क्याचा कागद आन भामे, घालतो. तवर दगड कोरा ठिवतो." ते चेष्टेनं बोलले असतील. आत्यानं तो शब्द धरला.

मग आठ महिने आम्ही दोघी हिंडलो. जन्माच्या जुन्या नोंदीत मुलगा झाला, बाप खंडू, बापाचा बाप अमुक, एवढंच सापडलं. आईचा रकाना नाही. शाळेच्या दाखल्यातही तेच. नगरला वाचनालयात मी शिरगणतीचं जुनं पुस्तक काढायला लावलं, आमचं गाव सापडलं : पुरुष इतके, स्त्रिया इतक्या. घराघरातून लिहून नेलेले कागद मिळतील का, म्हणून तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, बेरीज झाल्यावर ते कोण ठेवतंय? मी आत्याला समजावून सांगितलं. ती त्या आकड्यावर बोट ठेवून बसली. "म्हंजी आजी ह्यात हाय," ती म्हणाली. "पन कोन्ती ती, त्ये सांगत न्हाई."

आता माझी चूक सांगते, कारण ती झाकून आत्याचं मोठेपण सांगता यायचं नाही. जमीन बापाच्या नावावरून पोरांच्या नावावर गेली त्याच्या फेरफाराची झेरॉक्स माझ्याकडं पहिल्या महिन्यापासून होती. अक्षर बाळबोध, वाचता येण्यासारखं. खंडूच्या जागी 'दगडू खंडू व रामजी खंडू, अ. पा. क.' आणि तिथं कागद संपलेला. मला वाटलं, कुणा तलाठ्याची आद्याक्षरं. तसंच मी आत्याला ठोकून दिलं आणि कागद बाजूला ठेवला. आठव्या महिन्यात ती म्हणाली, तो कागद पुन्हा वाच. मी वाचला.

"त्यो तलाठी माझ्या बापाच्या वळीत कशाला घुसलाय?" ती म्हणाली. "सही खाली अस्ती ना?"

मी बी.ए. आणि मला हे सुचलं नव्हतं... दुसऱ्याच दिवशी गावातल्या एका निवृत्त तलाठ्याकडं गेलो. कागद बघून तो हसला. म्हणाला, "अज्ञान पालनकर्ता. पोरं लहान असली की सांभाळणाऱ्याचं नाव पुढं असतंच. झेरॉक्सला कडा कापली गेलीय तुमच्या."

रेकॉर्ड रूममध्ये मूळ वही काढली. कडेच्या फाटक्या भागावर बारीक अक्षरात होतं : आई कोंडाबाई. मी वाचलं. आत्यानं शेजारच्या अंगणात हाक मारावी तसं ते नाव एकदा मोठ्यानं घेतलं, मग कारकुनाला सांगितलं, "माझी आजी हाय ही. आमच्यात हिला कुनी वळखत न्हवतं." कारकून म्हणाला, नकलेसाठी अर्ज करा, पंधरा दिवसांनी या. पंधरावा दिवस म्हणजे तो फोनचा दिवस. नाव तिनं ऐकलं, शिक्का मात्र बघितला नाही...

सोनईला दहावा उरकल्यावर मी तात्यांपुढं नक्कल ठेवली. तात्या वाईट माणूस नाही. चष्मा पुसून त्यांनी दोनदा वाचलं, डोळ्यांना उपरणंही लावलं. म्हणाले, दिलेला शब्द पाळतो, खंडूजींच्या खाली 'पत्नी कोंडाबाई' घालू. मी म्हटलं, कागदात पत्नी लिहिलेलं नाही, पालनकर्ती म्हणून नाव आहे, तसंच घाला. तेही त्यांनी मान्य केलं. मग मी म्हटलं, दगडूच्या खाली माझ्या वडिलांच्या शेजारी भामाचंही नाव पाहिजे.

"लेकींची नावं घालत बसल्यावं दगड पुरंल का, बी.ए. बाई?"

"मग मोठा दगड आणा, तात्या."

सगळी भावकी ऐकत होती. तात्यांनी नकलेची घडी केली आणि खिशात ठेवली. होय म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

दगड अजून सभामंडपाच्या भिंतीला टेकून उभा आहे, कोरा. पाथरवटानं यादी मागितली तेव्हा तात्यांनी ती मलाच लिहायला सांगितली, अक्षर बरं म्हणून. मी लिहून दिली आहे. सगळ्यांत वर खंडू आणि कोंडाबाई, पालनकर्ती. दगडूच्या खाली आधी भामा, कारण ती थोरली, आणि मग माझे वडील. भामाचं नाव ज्याला खोडायचं असेल त्यानं ते स्वतःच्या हातानं खोडावं, सगळ्यांदेखत.