जड डिस्क, हलकी डिस्क

बाळांनो, गेल्या खेपेस तुमच्या घराजवळच्या बागेत तुम्ही साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीकडे त्या प्लॅस्टिकच्या चपट्या डिस्क फेकत होतात आणि मी बाकावर बसून तुमची जाकिटं सांभाळत होते. या खेपेस मला तुमच्याबरोबर खेळायचं होतं. म्हणून तुमच्याकडे निघण्याच्या दोन महिने आधी घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत मी सराव सुरू केला.

डिस्क ऑनलाइन मागवली. एकाच किमतीत तीन वजनं होती, मी सगळ्यांत जड निवडली. भांडी घेताना हातात तोलून बघायचं आणि जड असेल ते घ्यायचं, ही माझी जन्माची सवय. डिस्कवर चार आकडे असतात. त्यांतला पहिला वेगाचा, एवढंच वाचून तोही सगळ्यांत मोठा घेतला.

कोपरला राहणारी माझी धाकटी बहीण मुद्दाम बघायला आली. सकाळी मागच्या मैदानात मी डिस्क फेकली. ती डावीकडे वळली आणि पंधरा पावलांवर धप्पकन पडली. दहा वेळा फेकली, दहाही वेळा तेच.

"ताई, अगं ही दर वेळी पार्किंगकडेच निघते. गाडी काढायचीय का हिला?"

"गप्प बस. वारा आहे."

"वारा? माझा पदर तरी हलला का?"

संध्याकाळी मी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या थोरल्याला डिस्क दाखवली. तो हसत सुटला.

"आजी, ही तर मीपण फेकत नाही! हिला जोरदार हात लागतो. हळू फेकली की डावीकडे पडणारच. पहिला आकडा लहान बघ, चार-पाच. तिसरा उणे असू दे, म्हणजे ती लगेच डावीकडे वळत नाही. आणि वजन कमी घे."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

खरंच होतं. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचणारी मी, इथे मात्र चारांतले तीन आकडे सोडून दिले होते.

दुसरी डिस्क आली ती दीडशे ग्रॅमची. बहिणीने हातात घेऊन नाक मुरडलं. "यापेक्षा माझ्या डब्याचं झाकण जड आहे. परत कर."

मी फेकली. ती सरळ गेली, थोडी तरंगली आणि गवतावर अलगद उतरली. मी पावलं मोजली, एकतीस. पुन्हा फेकली, अठ्ठावीस. बहिणीने पदर खोचला आणि हात पुढे केला. "दे इकडे."

तिची पहिलीच तेहतीस पावलं गेली. तेव्हापासून ती रोज सकाळी रिक्षा करून स्टेशनवर जाते, लोकल पकडते नि इथे येते.

तर आता ऐका. मला पुढे उभं करून सवलत द्यायची नाही. तुमच्याच रेषेवरून फेकेन. टोपलीपर्यंत पोहोचायला मला सहा फेकी लागल्या, तर सहाही होईपर्यंत तुम्ही थांबायचं.