पट्ट्याला लावलेली राळ

जीप तापली की दोष ड्रायव्हरचा, हे आम्ही संघटनेतल्या पोरांनी ठरवूनच टाकलं होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सातारा-सांगली भागात ऊसतोड मजुरांच्या सभा घेत फिरायला आमच्याकडे एक जुनी जीप होती, आणि चालवायला लष्करातून परतलेले एक काका. त्या आठवड्यात जीप वाटेतच तापून दोन सभा चुकल्या. मी पत्रकं लिहिणारा, सभेत बोलणाराही; तक्रारही पत्रकासारखीच लिहिली. बेजबाबदार चालकास तात्काळ कामावरून कमी करावे. आष्ट्याची सभा झाली की अध्यक्षांच्या हातात द्यायची म्हणून ती खिशात होती. काकांचं घर त्या नोकरीवर चालतं, हे माहीत असून लिहिली.

आष्ट्याच्या अलीकडेच जीप किंचाळायला लागली. रस्त्याकडेला एका मिस्त्रीचं छप्पर होतं. त्यानं बॉनेट उघडलं, पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबला, मग पिळून आतली बाजू बघितली.

"तेलानं भिजलाय. पट्टा घसरतुया, पंखा फिरंना, म्हणून गाडी तापतीया. आन् ह्ये चिकाट काय? राळ? कुणी लावली रं?"

मी लावली होती. आदल्या दिवशी, काका जेवायला गेले तेव्हा. आमच्या गुऱ्हाळावर चरकाचा पट्टा घसरला की वडील राळेची पूड मारायचे आणि पट्टा पकड घ्यायचा. मला वाटलं, पट्टा म्हणजे पट्टा.

"म्याच लावली," काका म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मिलिट्रीत ह्येच शिकीवलं व्हय?" मिस्त्री हसला. "चरकाचा पट्टा कोरडा असतुया. हितं वरनं तेल गळतंय. आदी ते कुठनं येतंय ते बघाय पायजे. कोरा कागद हाय का?"

पत्रकांचा गठ्ठा होता, पण दोन्ही बाजूंनी छापलेला. पाठकोरा कागद माझ्याजवळ एकच, खिशातला. तो दिला. मिस्त्रीनं कोरी बाजू वर करून तो इंजिनाखाली अंथरला आणि इंजिन चालू केलं. थेंब पडले ते बरोबर पुढच्या पुलीखाली.

"म्होरलं तेलाचं सील गेलंय. लय दिसाचं."

"दोन म्हैनं झालं सांगतुया," काका म्हणाले. "पुढच्या बैठकीत बघू म्हणत्यात."

त्या बैठकांची टिपणं मीच काढायचो. 'गाडीची किरकोळ दुरुस्ती', आणि लगेच पुढचा विषय, मजुरांची पिळवणूक. आमच्याच माणसाचं म्हणणं ऐकायला आम्हाला सवड नव्हती, आणि ठराव मात्र दुसऱ्यांच्या निषेधाचे.

"राळ मी लावली," मी मिस्त्रीला म्हणालो.

"मग ह्यो म्हातारा का बोलणी खातुया?"

"त्याला आत्ता भाषान हाय," काका म्हणाले. "हितंच तोंड पडलं तर तिथं बोलंल काय?"

मिस्त्रीनं पट्टा काढून साबणाच्या पाण्यानं धुतला, पुसून चढवला, पुलीवर तेल उडू नये म्हणून पत्र्याचा तुकडा वाकवून बसवला. "आजच्यापुरतं. उद्या सील बदला."

काकांनी खालचा कागद उचलला, उलटा केला आणि उभ्या उभ्या सावकाश वाचला.

"अक्षार झ्याक हाय गड्या," म्हणाले, घडी घालून माझ्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसले.

सभा वेळेवर झाली. काय बोललो ते आठवत नाही. नंतर अध्यक्षांपुढं तोच कागद ठेवला, डागांची बाजू वर करून. म्हणालो, सील उद्या बदलायचं, पट्ट्याला राळ मी लावली, आणि मागं जे लिहिलंय ते खोटं आहे. काका दारातच उभे होते. त्यांच्यासमोर बोललो.