परदेशाची सुई

शमीमआपा माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याच्या पायांकडे बघायच्या. लस टोचायची दंडात, आणि ही बाई खाली वाकून चपला बघतेय, याचं नव्या माणसाला नवल वाटायचं. चप्पल कोरी करकरीत दिसली की आपांचा पारा चढलाच म्हणून समजा. "हीच घालून चालणार का तिकडं? मंग आजपासून घाला. रोज शहागंजपासून पाणचक्कीपर्यंत चालत जायचं न् चालत यायचं. फोड यायचे ते इथंच येऊ द्या. घरचं माणूस मलम तरी लावंल."

आमचं आरोग्य केंद्र शहागंजच्या मागच्या गल्लीत. हजला निघालेल्यांसाठी दरवर्षी तिथं लसीकरणाचं शिबिर भरतं. मेंदूज्वराची लस, वयस्कांना फ्लूची, आणि जिभेवर पोलिओचे दोन थेंब. सत्तरीचे दाढीवाले आजोबा थेंबांसाठी आ वासून बसले की मला हसू यायचं आणि आपा डोळे वटारायच्या. एरवीही कुणी शिकायला निघालेलं, कुणी आफ्रिकेत बोअरवेलच्या गाडीवर कामाला निघालेलं, असं चौकशीला यायचं. गल्लीत या सगळ्याला एकच नाव होतं, परदेशाची सुई. पिवळ्या तापाची लस आमच्याकडे नसायची, त्या माणसाला आपा मुंबईचा रस्ता दाखवायच्या. वर बजावायच्या, "निघायच्या दहा दिवस आधी टोचून घ्या. आदल्या दिवशी टोचून गेलात तर तिकडचे लोक विमानतळावरून माघारी धाडतेल."

मी पैठणची. तेविसाव्या वर्षी नर्स म्हणून तिथं आपांच्या हाताखाली रुजू झाले, तेव्हा मला वाटत होतं की मला सगळं येतं. पहिल्याच दिवशी लसीच्या डब्याचं झाकण उघडं ठेवून मी एका बाईशी गप्पा मारत बसले. आपांनी येऊन झाकण लावलं, त्यातली एक बाटली काढून माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि तिच्यावरचा, लस उष्णतेनं खराब झाली की रंग बदलणारा छोटा चौकोन दाखवला. "दूध नासलं की वास येतो, सुनंदाबाई. लस नासली तर वास येत नाय. ती टोचली तरी माणूस हसत घरी जातंय. म्हणून आपण डोळ्यानं बघायचं." मला त्या चिडल्या की 'सुनंदाबाई' म्हणायच्या आणि खूश असल्या की 'पोरी'. पहिली दोन वर्षं मी बहुतेक सुनंदाबाईच होते.

गंमत अशी, की जगभरच्या पाण्याची, उन्हाची, डासांची माहिती देणाऱ्या आपा स्वतः नगरच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. त्यांचं ज्ञान सगळं परत आलेल्यांकडून मिळवलेलं. लस देताना त्या वचनच घ्यायच्या, "आल्यावर इथं यायचं. काय दुखलं, काय खुपलं, समदं सांगायचं. नुसता खजूर घेऊन आलात तर दारातून परत." आणि माणसं यायची. कुणी सांगायचं, तळपाय भाजले. कुणी सांगायचं, गार पाण्यानं घसा धरला. कुणाची साखरेची गोळी सामानात गेली आणि सामान दुसऱ्याच हॉटेलात. पुढच्या वर्षीच्या माणसाला ते सगळं आपांच्या तोंडून मिळायचं. "गोळ्या गळ्यातल्या पिशवीत. ओआरएसची पाकिटं खिशात. तहान लागायची वाट नाय बघायची. न् गर्दीत खोकला आला तर तोंड झाका, तिथं समद्या दुनियेचा खोकला जमलेला असतोय."

एकदा हजला निघालेला देवगाव रंगारीचा एक ठेकेदार आला. पहिलवान गडी, बरोबर चार माणसं. आपांच्या कानाशी लागून म्हणाला, "सिस्टर, कार्डावर शिक्का मारून द्या. सुईचं तेवढं नक्को." आम्हाला वाटलं, याला घाई असेल. पण त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते. एवढा मोठा माणूस सुईला भीत होता. आपांनी हसून त्याची अब्रू काढली नाही. त्याला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "भाईजान, शिक्का माझ्या हातातच हाय. पण तिथं तुमच्या खांद्याला खांदा लावून एखादी माझ्यासारखी म्हातारी उभी असंल. तुमचा आजार तिला लागला तर तिला काय सांगू? शिक्का मारला होता म्हणून सांगू?" ठेकेदारानं बाही वर सारली. मग आपांनी विचारलं, "यंदा मका कसा हाय तिकडं?" तो मक्याचं सांगायला लागला आणि दोन वाक्यांत सुई बाहेरसुद्धा आली. उठताना तो विचारत होता, कधी टोचणार?

पण परत आलेल्यांना आपा शेवटी एक प्रश्न विचारायच्या, आणि त्याचा तब्येतीशी काही संबंध नसायचा. आवाज खाली यायचा. "पहिल्यांदा काबा दिसला तवा काय झालं?" काहींना सांगता यायचं नाही. काही रडायचे. त्या पहिल्या नजरेला मागितलेली दुआ, म्हणजे प्रार्थना, कबूल होते असं म्हणतात. अजिंठ्याच्या एक चाची म्हणाल्या होत्या, "काय सांगू आपा, चाळीस वर्षं जी दुआ मागायची ठरवली होती, ती आठवलीच नाय. नुसती बघत ऱ्हायले." आपांच्या हातात कापसाचा बोळा तसाच होता. पुढचा माणूस दंड उघडा करून बसला होता, मी दोनदा हाक मारली, तरी त्या चाचींच्या तोंडाकडे बघत होत्या. त्या दिवशी मला कळलं की ही बाई इतकी वर्षं इथं बसून दुसऱ्यांना वाटेला लावतेय आणि स्वतः त्याच वाटेसाठी झुरतेय.

रहीमभाई, त्यांचे नवरे, हिमरू शाली विणायचे. दोघांनी मिळून हजसाठी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा सोडतीत नाव लागलं नाही. तिसऱ्या खेपेच्या आधी रहीमभाई गेले. पुढे काही वर्षं आपा अर्जाचं नाव काढेनात. मग पंचेचाळीशी ओलांडलेल्या बायकांना घरच्या पुरुषाशिवाय, गटानं जाता येतं असं झालं, आणि निवृत्त झाल्यावर आपांनी गल्लीतल्या तिघींबरोबर अर्ज भरला. नाव लागलं त्या दिवशी त्या केंद्रात पेढे घेऊन आल्या. एक पेढा माझ्या तोंडात कोंबला. "पोरी, लागलं गं नाव. आता तूच टोचायचीस मला. लई दुखवू नको."

शिबिराच्या दिवशी त्या सगळ्यांसारखा नंबर घेऊन रांगेत बसल्या. मी आत बोलावलं तर हात हलवून नको म्हणाल्या. मला तेव्हाच दिसलं होतं. केंद्राच्या सात पायऱ्या चढताना त्या दोनदा कठडा धरून थांबल्या होत्या. पायांवर सूज होती. इतकी वर्षं त्यांनीच मला माणूस बघायला शिकवलं होतं, ते काही फुकट गेलं नव्हतं.

त्यांचा नंबर आला. तपासणीचा फॉर्म मी भरत होते. रक्तदाब, साखर, जुने आजार. 'चालताना धाप लागते का?' हा रकाना आला आणि मी त्यांना न विचारताच 'नाही' लिहिलं. पान उलटणार तेवढ्यात आपांनी त्यावर बोट ठेवलं. पर्समधून चष्मा काढला, लावला, वाचलं.

"हे मला विचारलंस का तू?"

"त्यात काय विचारायचं, आपा?"

"समद्यांना विचारतीस. मला काऊन नाय?"

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. हळूच म्हणाले, "आपा, गप बसा ना. कोण बघायलंय? जाऊन या एकदा."

"रेघ मार त्याच्यावर, सुनंदाबाई. लागती धाप. दोन महिन्यापास्नं दोन उशा घेऊन झोपायलेय, सपाट पडलं की दम घुटतो."

मी रेघ मारली. बाजूला 'होय' लिहिलं, खाली सही केली. त्या फॉर्मवर माझी सही इतकी वाकडी आली की डॉक्टरांनी विचारलं, ही कुणाची? त्यांनी आपांना तपासून हृदयाच्या चाचणीला पाठवलं. रिपोर्ट आला. हृदय मोठं झालेलं, पंपाची ताकद निम्म्यावर. डॉक्टर म्हणाले, "या वर्षी नको, आपा." आपांनी विचारलं, "पुढच्या वर्षी?" डॉक्टर कागद चाळत राहिले. आपांनी मान हलवली आणि त्यांनाच म्हणाल्या, "असू द्या. तुम्ही चहा घ्या."

मुंबईच्या विमानतळाकडे जाणाऱ्या बसेस निघाल्या त्या सकाळी मी रजा टाकून गेले. आपा आधीच आल्या होत्या. गटातल्या तिघींच्या गळ्यातल्या पिशव्या त्यांनी उघडून बघितल्या, गोळ्या मोजल्या, एकीच्या डोक्यावर ओला रुमाल घालून दाखवला. त्या तिघी त्यांच्या गळ्यात पडून रडल्या. आपा मात्र "पाणी पीत ऱ्हावा, पाणी" एवढंच म्हणत होत्या. बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी त्या तिकडे बघत उभ्या होत्या. मग फुटपाथच्या कडेला बसल्या. मीही बसले, आणि इतके दिवस दाबून ठेवलेला राग बाहेर आला.

"राहू द्यायचं होतं ते 'नाही'! गेल्या असतात तुम्ही. इकडं तरी काय होणार आहे?" बोलून गेले आणि जीभ चावली.

त्या रागावल्या नाहीत. दम खाऊन म्हणाल्या, "मला ठावं हाय गं. आणि तिथं मरण आलं असतं तर मला गोडच लागलं असतं. कुणाला नाय लागणार?" थोडं थांबून म्हणाल्या, "पण मी तिथं पडले असते, तर ह्या तिघी मला उचलत बसल्या असत्या. दवाखान्यात, बाकड्यावर. त्यांचा हज व्हायचा राहिला असता. मी काय त्यांचा हज चोरायला जाऊ?"

मी रिक्षा बोलावली.

त्या तिघी सव्वा महिन्यानं सुखरूप परत आल्या. विमानतळावरून आल्या त्या आधी आपांच्या घरी गेल्या, मग स्वतःच्या. आपांनी पलंगावर पडल्या पडल्या सगळं ऐकून घेतलं. कोणाला ताप आला, कोणी पाणी कमी प्यायलं, आणि काबा दिसला तेव्हा काय झालं. मी तिथंच होते. एक जण म्हणाली, "आपा, तिघींनी तुमचंच नाव घेतलं पहिलं." आपा डोळे मिटून पडून होत्या. कडेनं पाणी ओघळून कानात जात होतं, ते मी पुसलं. आठवड्यानं त्या गेल्या.

आता शिबिरात त्यांच्या जागी मी बसते. दर फॉर्मला तो रकाना येतो आणि मी मान वर करून, माणसाच्या डोळ्यांत बघून विचारते. कुणी खोटं सांगायला लागलं की मला लगेच कळतं, आणि मी खरं तेच लिहिते. नव्या मुलींनाही तेच शिकवते. आपा, तुमचं बरोबर होतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण तुम्ही जायला हवं होतं.