रोडग्यांचं एडिट वॉर

"मॅडम, तुमी त्यायले ब्लॉक करा, नायतर मी चालली." तेल्हाऱ्याहून संघमित्राताईंचा फोन. तिवस्याचे प्रल्हादभाऊ दुसऱ्या फोनवर आधीच होल्डवर होते, आणि त्यांची मागणीही तीच. भांडण कशावरून? रोडग्यावरून, म्हणजे कणकेच्या भाजलेल्या गोळ्यावरून.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात लायब्ररियन होते. रिटायर झाल्यापासून एका ऑनलाइन ज्ञानकोशाची ॲडमिन आहे. पगार शून्य, डोकेदुखी फुलटाइम. इथे कोणीही लिहू शकतं, म्हणजे कोणीही पुसूही शकतं. दुसऱ्याचा बदल पुसून जुना मजकूर परत आणला की त्याला रिव्हर्ट म्हणतात. आमच्याकडे दिवसातून तीन रिव्हर्ट चालतात. चौथा केला की ॲडमिनने ब्लॉक करायचं. त्या दिवशी दोघंही तीनवर येऊन थांबले होते. वऱ्हाडावरचे आमचे बहुतेक लेख या दोघांचेच. त्यांना घालवून चालणार नव्हतं.

प्रल्हादभाऊ रिटायर मास्तर. त्यांनी लिहिलं, 'अस्सल रोडगा पुडाचाच, म्हणजे कणकेच्या पदरांचा, आणि तो तिवस्याकडचाच.' संघमित्राताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांनी ते पुसून लिहिलं, 'अस्सल रोडगा साध्या गोळ्याचा, तेल्हाऱ्याचा.' गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजायचा आणि वांग्याच्या भाजीशी खायचा, एवढ्यावर मात्र एकमत होतं.

मी कॉन्फरन्स कॉल जोडला.

"भाऊ, 'अस्सल' काढा. आपण तटस्थ लिहितो. कोण काय म्हणतं ते सांगायचं, निकाल द्यायचा नाही."

"मी कायले निकाल देऊ? निकाल तं कवाचाच लागेल हाये."

"आन् त्याले संदर्भ काय?" ताई कडाडल्या.

"माही आत्या!"

"आत्या संदर्भ असते का, भाऊ? मंग माह्या घरी सासू आन् आजेसासू, दोन संदर्भ हायेत!"

मी फोन म्यूट केला आणि पोट धरून हसले. मग गंभीर आवाज काढून लेखाला कुलूप लावलं, म्हणजे कोणालाच बदल करता येणार नाही. आणि आमचा जुना उपाय सांगितला. प्रत्येकाने समोरच्याची बाजू लिहायची. मुदत दोन दिवस.

"मी तेल्हाऱ्याचं कौतुक लिवू?"

"कौतुक नको भाऊ, माहिती."

"रोडगा कडू लागन मले, मॅडम."

पण लिहिलं! भाऊंनी तेल्हाऱ्याच्या व्याह्यांना फोन करकरून भंडावलं. गोळा केवढा, विस्तव केवढा, सगळं विचारलं. ताईंनी तिवस्याच्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर रोडगा करायला लावला आणि त्याचे पूड मोजले. छापील संदर्भ मी लायब्ररीतून काढून दिले. दोन्ही परिच्छेद झकास उतरले. 'अस्सल' कुठेच नाही! मी ते लेखात घातले, कुलूप काढलं आणि या वयात स्वयंपाकघरात चक्क एक गिरकी घेतली.

दहा मिनिटांत भाऊंचा फोन.

"मॅडम, बाईनं तेल्हाऱ्याच्या परिच्छेदाले हात लावला!"

"भाऊ, त्या तेल्हाऱ्याच्याच आहेत."

"असतीन. लिवलं मी हाये ना! त्यायले काय समजते तेल्हाऱ्यातलं?"

तिकडे ताईंचा मेसेज येऊन पडला होता. भाऊंनी तिवस्याचा परिच्छेद 'बिघडवला' म्हणून त्या भडकल्या होत्या. मला इतकं हसू फुटलं की शेजारच्या वहिनी काय झालं बघायला आल्या.

मी दोघांना चर्चेच्या पानावर बसवलं. कोणाला ब्लॉक करावं लागलं नाही, कोणी सोडूनही गेलं नाही. तेव्हापासून तिवस्याची राखण तेल्हारा करतो आणि तेल्हाऱ्याची तिवसा. लेख इतका तटस्थ आहे की वाचून कोणालाच भूक लागत नाही.

यातून शहाणी होऊन मी आमच्या नियमांच्या पानावर एक ओळ वाढवली: 'आपल्या गावाबद्दल शक्यतो दुसऱ्याला लिहू द्यावं.'

ती दोघांनी मिळून रिव्हर्ट केली. कारण दिलं, 'ॲडमिनचं वैयक्तिक मत. संदर्भ नाही.'